दोन चाकांवरून (भाग ७) : पुढचं पाणी किती तासांवर?

सायकलवरच्या बहुतेक सामानाचं वजन उतरवता येतं. तंबू हलका मिळतो, स्लीपिंग बॅग हलकी मिळते, कपड्यांचा एखादा जोड घरीच ठेवता येतो. पाण्याच्या बाबतीत ही सोय नाही. १ लिटर म्हणजे १ किलो. म्हणूनच मागच्या भागात कॅरियरच्या पिशव्यांचा हिशेब मांडताना पाणी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. लांबच्या सहलीला निघणारे बहुधा ‘दिवसाला किती लिटर?’ असं विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर कोकणात एक येतं आणि लडाखमध्ये दुसरं. दोन्हीकडे उपयोगी पडतात ते दोन आकडे: तासाला लागणारं पाणी, आणि पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंतचे तास.

आधी पहिला आकडा. पॅडल मारताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. बेताच्या वेगानं जाणारा सायकलस्वार पॅडलवर १०० वॉट शक्ती लावत असेल, तर त्याच वेळी त्याचं शरीर ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार करत असतं. ती बाहेर टाकायचं शरीराचं मोठं साधन म्हणजे घाम. १ लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबानं तासाला साधारण अर्धा लिटर पाणी खर्ची पडतं. वाऱ्यामुळे हा खर्च कमी होतो, ऊन आणि चढ यांमुळे वाढतो. भर उन्हातल्या चढावर तो तासाला १ लिटर किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो.

स्वतःचा आकडा घरच्या घरी काढता येतो. निघण्याआधी वजन करावं, तासभर सायकल चालवावी, अंग पुसून पुन्हा वजन करावं. जितकं वजन घटलं, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवलं की तासाचा घाम कळतो. हा प्रयोग एकदा थंडीत आणि एकदा एप्रिलमध्ये केला, तर दोन आकड्यांमधली तफावत पाहून बाटल्यांची संख्या आपोआप ठरते.

आता दुसरा आकडा. कोकणातून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याकडे जाताना आगरदांडा ते दिघी, दाभोळ ते धोपावे अशा खाड्या फेरीबोटीनं ओलांडाव्या लागतात. जेटीवरून उतरलं की चढ सुरू होतो आणि वर उघडा सडा लागतो. मात्र गावं जवळजवळ आहेत. दुकान नसलं तरी एखाद्या अंगणात पाणी मागता येतं. त्यामुळे दीड लिटर जवळ असलं की बहुतेक ठिकाणी भागतं, फक्त बाटल्या चढाच्या आधी, खाली वाडीतच भरून घ्यायला हव्यात. इथली अडचण दमट हवेची आहे. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी जातं, मीठ जातं आणि अंग मात्र गार होत नाही. अशा वेळी नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी अधिक कामाचं. दुपारी सावलीत थांबलं, तर हाच खर्च बराच वाचतो.

मनाली–लेह रस्त्यावर चित्र पालटतं. सर्चू ते पांग हा टप्पा पाऊणशे ते ऐंशी किलोमीटरचा. त्यात गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकीला आणि लाचुंग ला या दोन खिंडी. चढावर ताशी सहा-सात किलोमीटर वेग पडला, तर सगळा टप्पा नऊ-दहा तास खातो. तासाला अर्धा लिटर धरलं तरी पाच लिटर होतात. थंडीत तहान कमी जाणवते, पण विरळ, कोरड्या हवेत धापा टाकताना प्रत्येक श्वासाबरोबर पाणी बाहेर जात असतं. हंगामात वाटेत चहाचे तंबू लागतात, मात्र हंगाम सरला की ते उठतात. म्हणून तंबू उघडा आहे का, याची चौकशी समोरून येणाऱ्या ट्रकचालकांकडे करावी.

गाटा लूप्समध्ये एक छोटंसं देवस्थान आहे. बंद पडलेल्या ट्रकपाशी अडकलेला क्लीनर थंडीनं आणि तहानेनं इथे गेला, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतात आणि तिथे त्यांचा ढीग साचलेला असतो. उन्हात किती दिवस पडून आहे कोण जाणे, असं ते पाणी सायकलस्वारानं आपल्या हिशेबात धरू नये.

तासांचं महत्त्व सगळ्यात ठळक दिसतं ते ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर पठारावर. १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन हा सायकलस्वार कूलगार्डीहून निघाला आणि तारायंत्राच्या खांबांच्या आधारानं ३१ दिवसांत अॅडलेडला पोहोचला. जवळ थोडं सामान आणि पाण्याची एक पिशवी, एवढंच. आज तिथे डांबरी महामार्ग आहे, तरी बॅलाडोनिया ते कैगुना या दोन थांब्यांमध्ये सुमारे १८० किलोमीटर अंतर आहे आणि त्यातला १४६ किलोमीटरहून मोठा भाग एकही वळण नसलेला. ताशी १८ किलोमीटर वेगानं हे अंतर दहा तासांचं. समोरून वारा आला आणि वेग १२ वर उतरला, तर तेच पंधरा तासांचं. तासाला पाऊण लिटर धरलं, तर साडेसात लिटरचे सव्वाअकरा होतात. मुक्काम आणि स्वयंपाक यांसाठी दोन लिटर वेगळे. अंतर एका मीटरनंही वाढलेलं नाही, तरी लागणारं पाणी दीडपट झालं. म्हणून हिशेब अपेक्षित वेगावर न करता वाईट दिवसाच्या वेगावर करावा आणि वर १ लिटर राखीव ठेवावा.

भीतीपोटी सतत पीत राहणंही धोक्याचं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता, म्हणजे त्यांनी घामापेक्षा जास्त द्रव पोटात घेतला होता. सायकलवर दिवसभर बसणाऱ्यालाही हे लागू पडतं. तहान लागेल तसं प्यावं, लघवीचा रंग फिकट पिवळा आहे ना यावर लक्ष ठेवावं, आणि घाम फार गेला असेल तर खारट काही खावं किंवा ओआरएस घ्यावं. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण मात्र बदलू नये.

राहता राहिली मांडणी. रोजच्या दोन-तीन बाटल्या फ्रेमच्या त्रिकोणात बसवाव्यात. वजन खाली आणि मध्यावर राहिलं की सायकल डुलत नाही. जास्तीचं पाणी घडीच्या पिशवीत घेऊन कॅरियरवर दोन्ही बाजूंना सारखं वाटावं. पाठीवर घेतलं तर खांदे आणि बैठक दोन्ही दुखतात. सगळं पाणी एकाच भांड्यात ठेवू नये, कारण एक झाकण सैल झालं तर दिवसभराचा साठा जातो. लांब टप्प्यावर अर्धं पाणी संपलं आणि निम्म्याहून जास्त वेळ उरलेला असेल, तर तिथेच वेग कमी करावा, सावली शोधावी किंवा येणाऱ्या गाडीला हात करावा.

पुढच्या भागात: ओढ्याचं, विहिरीचं, हापशाचं पाणी पिण्याजोगं कसं करायचं? उकळणं, क्लोरीनच्या गोळ्या आणि गाळण्या.