स्मृतीतला केर कोणता?

‘जावा’ भाषेच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हाला एक वाक्य हमखास भेटते : चलाला ‘नल’ ही किंमत दिली की वस्तू नष्ट होते. वाक्य चूक आहे. मात्र ही चूक शिकवायला फार सोयीची आहे.

आज्ञावलीत ‘न्यू’ म्हटले की संगणकाच्या स्मृतीत एक वस्तू तयार होते. चलात ती वस्तू नसते, तिचा संदर्भ असतो. पत्ता म्हणा हवे तर. समजा, ‘अ’ या चलात एका वस्तूचा संदर्भ आहे आणि आपण ‘ब = अ’ असे लिहिले. वस्तू एकच राहिली, संदर्भ दोन झाले. आता ‘अ’ नल केला तरी ‘ब’मधून ती वस्तू गाठता येते, म्हणून ती राहते.

मग संदर्भ मोजावेत आणि शून्य झाले की वस्तू टाकावी, एवढ्याने भागेल का? राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा कालवा डोळ्यांपुढे आणा. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, असे पाणी शेतात येते. समजा, दोन शेततळी पाइपाने एकमेकांना जोडली आहेत, पण चारीला एकही जोडलेले नाही. पाइप दोघांनाही आहे, धरणाचे पाणी मात्र एकालाही नाही. तशाच दोन वस्तू एकमेकींचे संदर्भ धरून बसल्या, तर मोजणी कधीच शून्यावर येणार नाही. म्हणून जावात सुरुवात मुळापासून करतात. चालू असलेल्या मेथडींतील स्थानिक चले, वर्गांची ‘स्टॅटिक’ चले ही अशी मुळे. त्यांच्यापासून संदर्भांच्या वाटेने जेथवर जाता येते तेवढ्या वस्तू राखायच्या, बाकीचा केर. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली ‘लिस्प’ भाषेसाठी ही रीत मांडली. जावा १९९५ची.

केर ठरलेली वस्तू तत्काळ उचलली जातेच असे नाही. ‘सिस्टिम.जीसी’ ही तर नुसती विनंती.

खरी अडचण वेगळीच आहे. वस्तूपर्यंत वाट आहे, पण तिचे काम संपले आहे, अशा वेळी काय? स्टॅटिक यादीत रोज नोंदी घालत गेलो आणि काढल्याच नाहीत, तर केर काढणारा त्यांना शिवणार नाही, आणि एक दिवस स्मृती संपून आज्ञावली कोसळेल. या प्रश्नावर मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले काम आम्हाला मोलाचे वाटते. आज्ञावली चालवण्यापूर्वीच तिचे विश्लेषण करायचे, कोणता संदर्भ पुढे वापरला जाणार नाही ते शोधायचे आणि नेमक्या त्या ठिकाणी ‘नल’ घालायचा. त्याने वस्तू नष्ट होत नाही. तिच्याकडे जाणारी वाट तुटते, आणि दुसरी वाट नसेल तर पुढच्या सफाईत ती केरात जमा होऊ शकते.