रानात जायला तिकीट कोणाला?



पाऊस ओसरला की आपल्या मंडळ्यांचे युवक संघ कर्नाळ्याच्या सहलीची आखणी करू लागतात. जरूर जावे. पण यंदा पनवेल तालुक्यातील एका वाडीवर बैठकीत एका कातकरी आजींनी मला विचारले, "दादा, रानात जायला आमालाबी तिकीट काढावं लागतं काय?" लोक हसले. मला मात्र चटकन उत्तर देता येईना.

कर्नाळा १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. तेव्हा क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते बारापर्यंत वाढले. वन विभाग ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांभाळतो. त्यात शिकारीला बंदी आहे. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी आत जायला परवानगी लागते. आपण फाटकावर काढतो ते तिकीट म्हणजे हीच परवानगी. तेथे प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, त्यावरून कोणी हुज्जत घालू नये.

आजींचे उत्तर दुसऱ्या कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने 'वनजमीन' या शब्दात अभयारण्येही धरली आहेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जेथून कंद, मध, पाने आणली, तेथील गौण वनोपजावर अभयारण्यातही हक्क सांगता येतो. तो मान्य झाला की आजी पर्यटक राहत नाहीत, हक्कदार होतात. शिकारीचा हक्क मात्र यात नाही. गलोल घेऊन वाढलेल्या माणसांना हे सांगणे मला जड जाते, तरी सांगतोच, कारण गुन्हा नोंदला गेला की कोर्टाच्या खेपांत मजुरी बुडते.

दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. तेथून तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. एकाहून अधिक पुरावे लागतात. "कागुद कुठला आमच्याकडं?" हा प्रश्न प्रत्येक वाडीवर येतो. पण दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा असतो. आमच्या कार्यकर्त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मंग पल्याडच्या म्हातारीला इचारा. करांदे कुठं निघायचे ते तिला माझ्याहून जास्त ठावं." आम्ही वही घेऊन पलीकडच्या घरी गेलो.