सुटलेला वारा, लहान विमान आणि ‘परत फिरा’ म्हणण्याचे बळ

गंगाखेडमध्ये आमच्या विहारात दर रविवारी विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग असतो. बारावी विज्ञानच्या एका मुलीने तिथे सांगितले, तिला पायलट व्हायचे आहे. तिच्या आईने लगेच विचारले, “वावधान सुटलं की ती बारकी इमानं पडतेत म्हणं, खरंय का?” मागून कुणीतरी म्हणाले, “ज्याचा काळ आला तो जाणार.” हे उत्तर आम्हाला पटले नाही. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही तर आपली पहिली शिकवण. म्हणून वाचून जे समजले ते इथे मांडत आहोत.

वारा नेमके काय करतो?

विमान हवेत टिकते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे, जमिनीवरच्या वेगामुळे नव्हे. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना 172 हे विमान माणसे आणि इंधन धरून साधारण 1100 किलोचे असते. ते उतरताना ताशी 115 किलोमीटरच्या आसपास असते. हा वेग 90 च्या खाली गेला की पंख वजन पेलत नाहीत. आता समजा, समोरून ताशी 40 किलोमीटरचा वारा आहे आणि तो एकाएकी 15 वर आला. पंखांवरची हवा क्षणात 25 ने घटली. उंचावर असताना सावरायला वेळ मिळतो. जमीन दहा-पंधरा फुटांवर असेल तर विमान धपकन आदळते.

झोत अचानक वाढला तर उलटे होते. टेकता टेकता विमान पुन्हा उचलले जाते. नवखा वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी आपटते, विमान उसळते आणि पुढच्या उसळीत चाकाचा दांडा मोडतो.

तिसरा धोका आडव्या वाऱ्याचा. गोदावरीच्या पुलावर मोटारसायकल बाजूला ढकलली जाते, तो अनुभव आपल्या सर्वांना आहे. धावपट्टी एकाच दिशेने बांधलेली असते; वारा मात्र कुठूनही येतो. सेसना 172 च्या चाचणीत ताशी सुमारे 28 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवले गेले आहे. त्याहून जास्त वारा असेल तर नवशिक्याने उतरण्याचा हट्ट धरू नये.

लहान विमानांचे सर्वाधिक अपघात उतरतानाच होतात, पण त्यातल्या बहुतेकांत जीव जात नाही. हेही त्या आईला सांगायला हवे.

उपाय काय?

पहिला उपाय हिशेबाचा. वाऱ्याचा नेहमीचा वेग आणि झोताचा वेग यांत जो फरक असेल, त्याच्या निम्मा वेग उतरताना जास्त ठेवायचा. दुसरा उपाय म्हणजे जमले नाही तर इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे, फेरी मारून यायचे किंवा दुसरा विमानतळ गाठायचा. उपणताना वारे फिरले की आपली म्हातारी माणसे हात थांबवत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

वाऱ्याचा तडाखा फक्त लहान विमानांनाच बसतो असे नाही. 17 फेब्रुवारी 2025 रोजी कॅनडात टोरांटो येथे 80 जणांचे विमान उतरताना उलटे झाले. त्या वेळी वाऱ्याचे झोत ताशी सुमारे 65 किलोमीटरचे होते. प्राथमिक तपासात विमान खाली येण्याचा वेग जास्त होता आणि उजवीकडची चाके मोडली, असे आढळले. सगळे वाचले.

आपल्या देशात 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोड येथे मोठे विमान पावसात, पाठीमागून वारा असताना उतरले आणि धावपट्टी ओलांडून दरीत गेले. 21 जण गेले. विमानाचे मुख्य वैमानिक आपल्या नागपूरचे होते. चौकशी अहवाल सांगतो की सहवैमानिकाने ‘परत वर चला’ असे सांगितले होते, तरी विमान उतरवले गेले. आणि सहवैमानिकाने ताबा आपल्या हाती घेतला नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही अहवालाने बोट दाखवले.

समाजशास्त्र शिकताना आम्ही उतरंडीबद्दल खूप वाचले. ती विमानाच्या कॉकपिटमध्येही असते. वरिष्ठ चुकतो हे दिसत असूनही कनिष्ठ गप्प राहतो किंवा एकदा बोलून थांबतो. म्हणून आज जगभर वैमानिकांना मोठ्याला टोकायला आणि मोठ्यांना ते ऐकून घ्यायला मुद्दाम शिकवतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गप्प बसायला लावले, त्यांच्या मुलांना हे शिक्षण किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी आपल्याकडे 200 तासांचे उड्डाण लागते. खर्च मोठा आहे, शिष्यवृत्तीची माहिती आम्ही जमवत आहोत. पण त्या मुलीला प्रवेशाआधीच एक प्रश्न आम्ही लिहून दिला आहे. उड्डाण शाळा पाहायला जाशील तेव्हा विचार: वारा बिघडला म्हणून विद्यार्थ्याने उड्डाण नाकारले, तर इथे त्याला बोलणी बसतात का? शाळा कशी आहे, ते या उत्तरावरून कळेल.