भोपळ्यातलं भूत आणि तुळशीपुढचं कारीट

दोस्तांनो, भुताची भीती कुणाकुणाला वाटते? हात वर करा बघू! लाजू नका, माझाही हात वर आहे. लहानपणी आमच्या वाटेवर एक पिंपळ होता आणि त्यावर मुंजा राहतो असं सगळे सांगत. तिन्हीसांजेला तिथून जायची वेळ आली की आम्ही डोळे गच्च मिटून पळत सुटायचो. डोळे मिटल्यावर भूत दिसत नाही हे खरं. पण दगडही दिसत नाही, हे माझ्या गुडघ्यांना चांगलंच ठाऊक आहे!

तर आजची गोष्ट भुतांच्या सणाची. आणि पैशांचीसुद्धा. भूत आणि पैसे यांचा काय संबंध, असं विचारताय ना? सांगते.

२०२४ साली मोठी गंमत झाली. ३१ ऑक्टोबरला आपली नरकचतुर्दशी आली, आणि ३१ ऑक्टोबर म्हणजेच परदेशातला हॅलोविन. एकाच दिवशी इकडे नरकासुर, तिकडे भोपळ्यातलं भूत! त्यांची तारीख ठरलेली, आपली तिथी चंद्राच्या चालीनं येणारी, म्हणून असा योग दर वर्षी येत नाही.

आमच्या मुळशी तालुक्यात तर हे दोन्ही सण अगदी शेजारी शेजारी राहतात. ताम्हिणी घाटाकडे गेलात तर त्या दिवसांत भाताची खाचरं पिवळी झालेली दिसतील. आणि पुण्याच्या बाजूला हिंजवडी, बावधन, भूगावकडे आलात तर उंच उंच इमारती. त्यातल्या काही सोसायट्यांत हल्ली मुलांची हॅलोविन पार्टी असते.

पिरंगुटला माझ्या शेजारी एक मुलगी राहते. तेव्हा ती चौथीत होती. बाबा कारखान्यात कामाला, आई भूगावच्या एका सोसायटीत पोळ्या करायला जाते. त्या घरातल्या मुलीशी हिची गट्टी. तिनं आमंत्रण दिलं, "भूत बनून यायचं हं!" मग मायलेकी दुकानात गेल्या. काळा झगा, टोकदार टोपी आणि अंधारात चमकणारा मुखवटा. किंमत सातशे रुपये.

आई दुकानात काहीच बोलली नाही. रात्री मात्र वही घेऊन बसली. तेल, डाळ, रवा, पिठीसाखर, उटणं, धाकट्याचा शर्ट. कुठल्याही ओळीतून सातशे रुपये निघत नव्हते, आणि बोनस अजून हातात पडायचा होता. मुलीनं ते पाहिलं. "मला नाहीच जायचं," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. नकोच म्हणणाऱ्याला ती गोष्ट किती हवी असते, हे तुम्हाला मी काय सांगू!

दुसऱ्या दिवशी आजीला हे कळलं. आजी म्हणाली, "अगं बाय, भुतं कधीपासून दुकानातनं कपडे घ्यायला लागली?"

आजीनं हे सहज म्हटलं, पण अगदी बरोबर म्हटलं. हॅलोविनची कुळकथा ऐका म्हणजे पटेल. आयर्लंडमध्ये पूर्वी 'साउइन' नावाचा सण असे. पीक घरात आलेलं, गुरं डोंगरावरच्या कुरणांतून परत आणलेली, आणि पुढे लांबलचक हिवाळा. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात, अशी समजूत. लोक मोठ्या शेकोट्या पेटवत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. इंग्लंडात या सुमारास गोरगरीब दारोदार जात, त्या घरच्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना छोटे केक मिळत. कंदील कशाचा, तर शेतातल्या सलगमच्या कंदाचा! तो पोखरायचा, डोळे-तोंड कोरायचं, आत निखारा किंवा मेणबत्ती. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. तिथे त्यांना भोपळा भेटला. सलगमपेक्षा केवढा तरी मोठा आणि कोरायलाही सोपा. तेव्हापासून भूत भोपळ्यात राहायला गेलं ते गेलंच.

म्हणजे बघा, शेकोटी रानातल्या लाकडाची, कंदील शेतातल्या कंदाचा, खाऊ शेजाऱ्यांनी दिलेला. दुकान यात कुठेच नाही.

आणि हो, "हे सगळं परक्यांचं!" म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना हळूच सांगा की लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूही तिकडचाच. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी याच झेंडूची आरास करतात.

आपल्या दिवाळीतही थोडी भीती आहे, बरं का. धनत्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात. का? दक्षिण ही यमाची दिशा म्हणून. एरवी दिव्याचं तोंड तिकडे केलं तर आजी रागावेल! नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत अंघोळ नाही केली तर नरकात जाशील, असं म्हणून आपल्याला अंथरुणातून ओढून काढतात. मग येतं कारीट. हिरवं, अंड्याएवढं, दिसायला गोंडस आणि चवीला कडू जहर. पावसाळ्यात याचे वेल बांधावर, कुंपणावर आपोआप उगवतात. शहरात दिवाळीच्या दिवसांत बाजारातही मिळतं. ते तुळशीपुढे ठेवायचं आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानं फट्टकन फोडायचं. नरकासुर मेला! त्याचा थेंबभर रस जिभेला लावायचा आणि तोंड किती वाकडं होतं ते आरशात बघायचं. पोशाखाशिवाय आणि मुखवट्याशिवाय सगळं घर दोन मिनिटं भुतासारखं दिसतं. (रानातलं कुठलंही फळ मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडाला लावू नका मात्र.)

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काही घरांत सूप वाजवत, केर काढत अलक्ष्मीला घराबाहेर हाकलतात. बंगालमध्ये तर नरकचतुर्दशीलाच 'भूत चतुर्दशी' म्हणतात. चौदा दिवे लावायचे आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या! (मला विचाराल तर चौदा भुतं परवडली.) गोव्यात गवताचा पेंढा, बांबू आणि कागद यांचे भलेमोठे नरकासुर करून पहाटे जाळतात. पूर्वी वाड्यावरची पोरं ते घरच्या सामानातून करत. आता मोठाल्या स्पर्धा, तयार मुखवटे आणि कानठळ्या बसवणारी गाणी असतात. तिथेही खर्च वाढलाच. पण नरकासुर काही त्यामुळे जास्त भयंकर झालाय, असं मला तरी वाटत नाही.

आता आपल्या मैत्रिणीकडे वळू. आजीनं ट्रंकेतून एक विटकं नऊवारी काढलं. केस मोकळे सोडले, तोंडाला तांदळाची पिठी, डोळ्यांखाली काजळ. आणि खरी करामत पुढेच. भुताची पावलं उलटी असतात ना? बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची दोन मोठी पावलं कापली आणि बोटं मागे, टाच पुढे अशी पायांना सुतळीनं बांधली. झाली हडळ तयार! खर्च काहीच नाही. तरीही ती थोडी हिरमुसलेलीच होती. तिला तो चमकणारा मुखवटा हवा होता, आणि यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहाटे कारीट फोडून झालं, संध्याकाळी ती पार्टीला गेली. तिथे सगळे चेटकिणी आणि सांगाडे. कुणालाच कळेना, ही कोण? "हडळ म्हणजे काय? तुझे पाय असे का?" मग हिनं आजीची गोष्ट सुरू केली. पिंपळावरचा मुंजा, पाण्यात पाय ओढणारा गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा, आणि अवसेच्या रात्री दिवट्या घेऊन फिरणारा भुतांचा राजा वेताळ. "म्हणजे पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचा?" एका मुलानं विचारलं. तेवढ्यात कुणीतरी दिवा बंद केला आणि हिनं पुठ्ठ्याचे पाय फटक फटक वाजवले. एका चिमुरड्यानं असं भोकाड पसरलं म्हणता! बक्षीस मात्र हिला मिळालं नाही. ते बॅटरीवर हसणाऱ्या सांगाड्याला मिळालं. पण पुढच्या आठवड्यात आई कामाला गेली तेव्हा तीन मुलं विचारत आली, "हडळीच्या आजी कुठे राहतात?"

तुम्हाला भोपळ्याचं भूत करायचं असेल तर लहानसा लाल भोपळा आणा. कोरायचं काम मोठ्यांचं. तुम्ही फक्त तोंड काढून द्यायचं. आत मेणबत्तीऐवजी छोटी बॅटरी ठेवलेली बरी. पणती ठेवलीच तर झगे, ओढण्या, पदर लांब. आणि आतला गर? तो टाकायचा नाही हं! दोन वाट्या किसलेला गर आणि एक वाटी गूळ एकत्र शिजवा. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर रवा आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. पाणी घालायचं नाही. जाडसर पुऱ्या लाटून आईला तळायला द्या. हे झाले घारगे. बिया धुऊन, वाळवून तव्यावर भाजा.

शेजारच्या घरानं त्या वर्षी हेच केलं. घारगे फराळाच्या ताटात गेले आणि भोपळ्याचं भूत दोन रात्री दारात बसलं. पाडव्याच्या सकाळी ते गोठ्यातल्या गाईपुढे ठेवलं. तिनं आधी नाक खाल्लं.