परवाना संपला, गणित उरलं!

आपल्या क्युपर्टिनोतल्या घरांत मुलं इंजिनिअरिंगला गेली की 'मॅटलॅब' हा शब्द कानावर पडतोच. त्याची कंपनीही मूळची आपल्या शेजारचीच. क्लीव्ह मोलर, जॅक लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी १९८४ साली पोर्टोला व्हॅलीत 'मॅथवर्क्स' काढली. मॅटलॅब लिनक्सवरही चालतं. पण लिनक्स फुकट म्हणून मॅटलॅब काही फुकट होत नाही! विद्यार्थ्याचा स्वस्त परवाना शिक्षणापुरताच. मग केलेल्या कामाचं काय?

जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतलेलं 'ऑक्टेव्ह' पूर्ण मुक्त आहे. मॅटलॅबचे साधे प्रोग्राम त्यात बहुधा जसेच्या तसे चालतात. मात्र 'सिम्युलिंक'ची उणीव ते भरून काढत नाही. फ्रान्समध्ये जन्मलेल्या 'सायलॅब'मध्ये त्यासाठी 'एक्सकॉस' आहे. पण त्याची भाषा थोडी वेगळी, प्रोग्राम बदलावे लागतात.

पवईच्या आय.आय.टी.तल्या 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली कितीतरी उदाहरणं सायलॅबमध्ये सोडवून सर्वांसाठी खुली केली आहेत. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे सायलॅबचे धडे तर चक्क मराठीतून ऐकायला मिळतात!

तेव्हा मंडळी, आम्हाला वाटतं ते असं: वर्गात मॅटलॅब मागितलं तर तेच वापरावं, पण प्रत्येक प्रोग्राम घरी ऑक्टेव्हमध्येही चालवून ठेवावा. परवाना संपला तरी काम आपल्या हातात राहील. आणि साताऱ्याच्या मामेबहिणीला तो पाठवला, तर तिलाही एक पैसा न मोजता चालवून बघता येईल.