कढईत भाजा कॉफी

कॉफीच्या बिया घरी भाजायला लोखंडी कढई, उलथणे आणि परात एवढे साहित्य पुरते. धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा व वडीलधारे माणूस जवळ असू द्या.

१०० ग्रॅम कच्च्या, हिरवट बिया मध्यम आचेवर सतत हलवा. हलविल्या नाहीत, तर कढईला टेकलेली बाजू करपते आणि गाभा कच्चा राहतो. बियांतील सुमारे १० ते १२ टक्के पाणी जाऊ लागते. बिया पिवळ्या, मग तपकिरी होतात. हा रंग व सुवास मुख्यतः शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून येतो. तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ साली केले.

सुमारे २०० अंश सेल्सिअसला आत कोंडलेली वाफ व कार्बन डायऑक्साइड बी तडकवतात. लाह्यांसारखी तडतड ऐकू येते. ती ओसरताच बिया परातीत पसरून वारा घाला; कारण आच बंद केली, तरी बी स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहते.

आता वजन सुमारे ८५ ग्रॅम भरेल, पण ढीग मात्र वाढलेला दिसेल. मग घनतेचे काय झाले? फुलपात्रभर कच्च्या व फुलपात्रभर भाजलेल्या बियांचे वजन करा आणि उत्तर स्वतःच शोधा.