धडक देऊन वाहन पसार झाले, तर दवाखान्याचे बिल कोण भरणार?

जालन्याच्या मोंढ्यातील पेढ्या बंद होतात, तेव्हा अंबड, मंठा, भोकरदनच्या रस्त्यांवर अंधार पडलेला असतो. घरी परतणाऱ्या मोटारी, वसुलीहून येणाऱ्या दुचाकी आणि माल पोचवून रिकामे परतणारे टेम्पो त्याच रस्त्यांवर असतात. अशा वेळी मागून एखादे वाहन धडक देते आणि क्रमांक दिसण्याआधीच नाहीसे होते. जखमीला दवाखान्यात हलवताच घरातील वडीलधारे विचारतात, ‘गाडीचा विमा आहे ना?’ विमा असतो, हप्ताही वेळेवर भरलेला असतो. तरीही दवाखान्याचे बिल त्यातून क्वचितच भागते.

याचे कारण मोटार विम्याच्या रचनेत आहे. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीसाठी असतो. आपल्याला झालेल्या इजेची भरपाई धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने द्यायची. पण वाहनच अज्ञात राहिले, तर कंपनी कोठून सापडणार? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा घेतला असेल, तर चेपलेला पत्रा दुरुस्त होतो, मोडलेले हाड नव्हे. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. मात्र ते मृत्यू, अवयव वा दृष्टी गमावणे आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व यांसाठीच. मांडीत सळई घालावी लागली आणि तीन महिने पेढीवर जाता आले नाही, तरी त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही.

मग आधार कोणाचा? पहिला आधार रोकडरहित उपचार योजनेचा. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी ती अधिसूचित केली. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीवर निर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न घेता उपचार व्हावेत, अशी तिची तरतूद आहे. धडक देणारे वाहन सापडले नाही, तरी हा हक्क बुडत नाही. रुग्णालय यादीत नसेल, तर तेथे प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार योजनेत बसतात. म्हणून रुग्णवाहिकेत बसण्यापूर्वीच हा प्रश्न विचारलेला बरा.

दुसरा आधार जुना आहे, पण जवळजवळ विस्मृतीत गेलेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ नुसार अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल जखमीला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होत्या. आजच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ५० हजारही थोडेच. पण तेवढेही बहुतेकजण मागत नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले केवळ २०५! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये या तफावतीवर बोट ठेवले आणि एक महिन्यात वाहनाचा छडा लागला नाही, तर पोलिसांनीच जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला.

अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे जातो. जालना जिल्ह्यात जालना, भोकरदन, परतूर आणि अंबड येथे उपविभागीय कार्यालये आहेत. चौकशीनंतर मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. अर्जासोबत रुग्णालयाचे बिल आणि एक हमीपत्र लागते: पुढे वाहन सापडून न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागेल. वकिलाशिवायही हे काम होऊ शकते. परंतु पोलिसांतील नोंदीविना यांतील काहीच पुढे सरकत नाही. व्यापारी घराण्यांत ‘कोर्टकचेरी नको’ म्हणून पोलीस ठाण्याची पायरी टाळली जाते. येथे तो संकोच महागात पडतो.

मेडिक्लेम असेल, तर बिलाचा मोठा भार त्यानेच उचलला जातो, धडक कोणीही दिलेली असो. पुढे वाहन सापडलेच, तर ‘मेडिक्लेमचे पैसे मिळाले, आता भरपाईतून तेवढे वजा होणार’ ही भीतीही बाळगू नये. अशी वजावट करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

पेढीवरच्या माणसांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. वसुलीला पाठवलेला मुलगा वा टेम्पोचा चालक कामावर असताना जखमी झाला आणि त्याला ईएसआयसीचे छत्र नसेल, तर उपचाराच्या प्रत्यक्ष खर्चाचे उत्तरदायित्व कायद्याने मालकाकडे येते. त्याच्या हाती पाच हजार ठेवून ‘बघू’ म्हणणे हे ना कायद्यात बसते, ना माणुसकीत. पगारी चालकासाठीचे संरक्षण वाहन विम्यात अल्प जादा हप्त्यात मिळते. नूतनीकरणाच्या वेळी ते आवर्जून मागावे.

पायी चालणाऱ्यांनाही हे दोन्ही सरकारी आधार लागू आहेत. पहाटेच्या विहारात महामार्गाच्या कडेने चालणारे साधू-साध्वी आणि त्यांच्यासोबतचे सेवक यांच्या नावे कोणतीही गाडी नसते, पॉलिसी नसते; तरी त्यांचा हक्क तेवढाच आहे. विहारसेवेतील तरुणांनी वाटेवरील निर्देशित रुग्णालयांची नावे आधीच टिपून ठेवावीत आणि दुर्घटना घडताच ११२ वर कळवून नोंद पोलिसांत करून घ्यावी.